ई. कोलाय

मनुष्य व इतर उष्णरक्ती प्राण्यांच्या आतड्यात राहणारा दंडाकार जीवाणू. शास्त्रीय नाव एश्चेरिकिया कोलाय, कुल एंटेरोबॅक्टेरिएसी. बालरोगतज्ज्ञ टेओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेत आढळलेल्या या जीवाणूचे वर्णन केले.

पेशी सुमारे २ मायक्रोमीटर (मिलिमीटरचे २ सहस्रांश) लांब असून, केंद्रकपटल नसल्याने तिचा वर्तुळाकार डीएनए रेणू पेशीद्रव्यातच असतो. पेशीभित्ती पातळ व तिच्याबाहेर आणखी एक पटल असल्यामुळे ग्रॅम रंजनात जांभळा रंग अल्कोहॉलने धुऊन जातो आणि सॅफ्रॅनीन या दुसऱ्या रंजकाने पेशी गुलाबी दिसते. म्हणून त्याची गणना ग्रॅम-ऋण जीवाणूंत होते.

हा जीवाणू ऑक्सिजन असताना व नसतानाही वाढतो. ३७° से. तापमानास पोषक द्रवात सुमारे २० मिनिटांत एका पेशीच्या दोन पेशी होतात. मात्र अन्न संपून टाकाऊ द्रव्ये साचली की वाढ थांबते. निर्जंतुक केलेल्या तारेच्या फाशाने नमुना मॅकाँकी आगर या दुग्धशर्करायुक्त पोषक माध्यमावर रेघांनी पसरून उबवणपेटीत सुमारे २४ तास ठेवल्यास, दुग्धशर्करेच्या किण्वनातून अम्ल निर्माण होऊन गुलाबी वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे पेशीसमूह, तयार होतात.

याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असले, तरी काहींमुळे अतिसार व मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पिण्याच्या पाण्यात तो आढळणे हे विष्ठेमुळे झालेल्या प्रदूषणाचे निदर्शक मानतात.