आप्त कोण? बाळाचं आरोग्य आणि विश्वासाचा इतिहास



केदारेश्वराच्या गावात इतिहासावर बोलायचं म्हटलं की लोकांची अपेक्षा असते, चालुक्यांपासून सुरुवात होईल. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींवर बोलू, किल्ल्यावर बोलू. आज आम्ही ते करणार नाही. मघाशी चहा घेताना एका तरुण बापानं आम्हांला एक प्रश्न विचारला. त्याची मुलगी सात महिन्यांची आहे. तो म्हणाला, "सर, आजी एक सांगते, मेडिकलवाला दुसरं सांगतो, मोबाईलवर तिसरंच येतं. ऐकायचं कुणाचं?"

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. त्यामुळे औषध सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण 'ऐकायचं कुणाचं' हा प्रश्न मात्र आमच्या विषयाचा आहे, आणि त्याला इतिहासही आहे. आज तोच सांगू.

आधी घरातली गोष्ट. आम्ही सात वर्षांचे होतो तेव्हा आमची धाकटी बहीण गेली. दहा महिन्यांची होती. उन्हाळ्याचे दिवस. सकाळपासून जुलाब आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. घरात आजी, चुलत आजी, शेजारच्या जाणत्या बायका, सगळ्या जमल्या. एकमतानं ठरलं, पाणी बंद करा, पोटाला विसावा द्या, वरून घातलं की खालून जातं. दुपारी तिची टाळू आत गेली. त्याला 'टाळू बसली' म्हणायचे. टाळूवर तेलाची चिंधी ठेवली. संध्याकाळी ती रडायची थांबली, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, आता बरं वाटतंय.

त्या घरात तिच्यावर प्रेम न करणारं एकही माणूस नव्हतं. आणि निरीक्षणही खोटं नव्हतं. टाळू खरंच बसली होती. शरीरातलं पाणी संपत आलं की तान्ह्या बाळाची टाळू आत जाते. खूण बरोबर दिसली, अर्थ चुकला. पाणी हवं होतं, तेच आम्ही तोडलं.

पुढे एम.ए.ला न्यायदर्शन वाचताना वात्स्यायनाच्या भाष्यापाशी आम्ही अडलो. आपल्याकडे ज्ञानाची जी साधनं सांगितली आहेत, त्यांत एक आहे शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. त्या माणसाला म्हणायचं 'आप्त'. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. न्यायशास्त्रात तसं नाही. वात्स्यायन आप्ताची तीन लक्षणं सांगतो. एक, त्यानं ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणलेली असावी. दोन, त्याला प्राणिमात्राविषयी दया असावी. तीन, जे जसं आहे तसं सांगण्याची त्याची इच्छा असावी. आणि पुढे म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे म्हणतो! जात, गाव, भाषा, पदवी, काही विचारत नाही. आणि आप्ताच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा याचं उदाहरण म्हणून न्यायसूत्रं कशाकडे बोट दाखवतात? आयुर्वेदाकडे. कारण तिथं सांगितलेलं खरं की खोटं, ते रोग्याच्या अंगावर कळतं.

आमच्या आजीकडे दुसरं आणि तिसरं लक्षण होतं. पहिलं नव्हतं. ही तीन लक्षणं हातात घेऊन आपण आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास बघू.

१४ जून १८०२. मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस. ती व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी, काही टप्पे या हातावरून त्या हातावर टोचत, मुंबईला आली होती. शीतपेटी नव्हती, माणसाचा दंड हीच पेटी. ॲनाच्या दंडावरच्या फोडातून पुढे आणखी मुलांना टोचलं आणि लस देशभर गेली.

मग लोकांनी लगेच स्वीकारली का? नाही. आपण पटकन म्हणतो, लोक अडाणी होते. पण आईच्या जागी उभे राहून बघा. सांगणारा परक्या सरकारचा माणूस. टोचणार काय, तर कुठल्या कोण मुलाच्या फोडातला द्रव. आणि घरात तर रोग म्हणजे देवी आलेली, तिची मर्जी राखायची. टोचणाऱ्याला माहिती होती, हे पहिलं लक्षण झालं. पण त्याची दया आईला दिसत नव्हती, आणि तिला समजेल असं कोणी सांगत नव्हतं. हुकूम होता, संवाद नव्हता. आमच्या लहानपणीसुद्धा 'देवी काढायला आले' अशी हाळी आली की आया पोरांना कणगीमागं लपवायच्या. तरी ते टोचणारे दारोदार फिरत राहिले. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आज या सभेत पन्नाशीच्या पुढचे जे आहेत, त्यांनी दंड बघावा. वण असेल. तुमच्या नातवाच्या दंडावर तो नाही, कारण आता त्याची गरज राहिली नाही.

आता आपल्या शेजारी येऊ. जामखेड आपल्या बीड जिल्ह्याला लागून आहे. तिथं १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. दोघं वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेले. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बाहेरून आलेली नर्स कितीही शिकलेली असो, आई मान डोलावते आणि घरी जाऊन सासू सांगेल तेच करते. म्हणून त्यांनी गावालाच त्यांच्यातली एक बाई निवडायला सांगितलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत आपल्या आळीत जायच्या. बाळाचं वजन, लस, बाळंतीण, जुलाब. जी बाई काल विहिरीवर शेजारी उभी होती, तीच आज सांगते, "पाणी तोडू नको, पाजत राहा." ज्ञान डॉक्टरांचं आणि तोंड आपल्या माणसाचं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खरी गोष्ट अशी की आप्त घडवता येतो, हे त्यांनी करून दाखवलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच वाट नवजात बाळांपर्यंत नेली. ३९ गावांत गावातल्याच आरोग्यदूत बायका घरी जाऊन बाळ तपासू लागल्या. तीन वर्षांत तिथं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आज तुमच्या दारी बाळंतिणीला बघायला आशाताई येते, तिच्यामागं हा इतिहास आहे.

आणखी एक नाव. डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. नोकरी लागली कोकणात, महाडजवळ. तिथं लाल विंचू चावून पोरं मरायची. लोक आधी मांत्रिकाकडे जायचे, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरकडे तरी कुठं इलाज होता? बावस्करांनी काय केलं, तर रात्र-रात्र रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहून ठेवलं. त्यातून कळलं की विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं. मग त्यांनी प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरली आणि मरणारी मुलं वाचू लागली. प्रत्यक्ष जाणणं म्हणजे हे. पुस्तक पाठ असणं वेगळं, उशाशी बसणं वेगळं.

आता कडू भाग. ज्ञान आहे पण दया नाही, असं झालं तर काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये बीड जिल्ह्यात हजार मुलांमागं मुली होत्या ८०७. राज्यात सगळ्यांत कमी. यंत्र चालवणाऱ्यांकडे पदवी होती, अचूक माहिती होती, आणि विचारणारे आईबापच होते. हे आमच्या आजीच्या उलट. तिच्याकडे माया होती, ज्ञान नव्हतं. इथं ज्ञान होतं, माया नव्हती. गेली दोन्हीकडे मुलगीच.

तिसरं लक्षण राहिलं, जसं आहे तसं सांगण्याची इच्छा. विकणाऱ्याला ते अवघड जातं. म्हणूनच १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला बंदी केली. मोबाईलवर कुणी बाळाची गुटी नाहीतर पावडर सांगत असेल, तर आधी बघा, खाली किंमत लिहिली आहे का.

जुनं ते सगळं टाकाऊ, असं मात्र आमचं म्हणणं नाही. चरकसंहितेत बाळाच्या खेळण्याविषयी सांगितलं आहे, की ते रंगीत असावं, वाजणारं असावं, जड नसावं, टोकदार नसावं, तोंडात जाईल एवढं लहान नसावं, त्याची भीती वाटू नये. आजच्या खेळण्याच्या खोक्यावर याहून वेगळं काय छापतात? पण जन्मल्याबरोबर मध चाटवणं आणि आईचा चीक फेकून देणं, हेही जुनंच. चीक ही बाळाची पहिली लस आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातक ठरू शकतो. जुनं की नवं हे बघू नका. पारखून बघा.

तेव्हा त्या तरुण बापाला आमचं उत्तर. सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तुम्हांला हे कशावरून माहीत? माझ्या बाळाचं बरं-वाईट झालं तर तुम्ही उद्या मला भेटणार आहात का? आणि हे सांगून तुम्हांला काय मिळतं? आशाताई, अंगणवाडीची ताई, उपकेंद्रातली सिस्टर या बहुतेक वेळा तिन्हींत उतरतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तर आपल्या अंगणात आहे. आणि जे ऊसतोडीला जातात त्यांना हात जोडून सांगणं, कोयता आणि भांड्यांबरोबर बाळाचं लसीचं कार्डही गाठोड्यात बांधा. फडावर तुमची आशाताई नसते. तिथल्या नव्या सिस्टरला बाळाची ओळख ते कार्डच करून देतं.

शेवटी पुन्हा बहिणीकडे येतो. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पाजणारे हात घरच्यांचेच होते. तेच हात, तीच माया. फक्त या वेळी त्यांना सांगणारा जाणता होता.

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका, जास्त मीठ बाळाला बाधतं. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरा. अंगावरचं दूध चालू ठेवा. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, पिईनासं झालं किंवा टाळू बसली, तर तेल शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.

आमच्या घरी त्या दिवशी पाणी होतं, मीठ होतं, साखरही होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी बायकांनी विचारा.