पडणारा उजेड आणि परतणारा उजेड : पेण-रोह्याच्या छायाचित्रांतला लाइट मीटर

आजचा विषय हातात मावेल एवढ्या एका यंत्राचा आहे. लाइट मीटर. आता इतिहासाच्या व्याख्यानात हे यंत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर सुरुवात पेणपासूनच करू.

पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती. पेण शहर, हमरापूर, जोहे या पट्ट्यातले कारखाने आपल्याला माहीत आहेत. त्यांचे फोटोही भरपूर निघतात. ते एकदा नीट बघा. मूर्ती झळकत असते आणि तिच्यावर वाकलेला कारागीर बहुतेक वेळा सावलीत असतो. नाहीतर उलट होतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून उडतो, पुढची मूर्ती पांढरीफटक होते आणि मागचा सगळा कारखाना काळोखात जातो. उद्या पन्नास वर्षांनी कुणी या फोटोंवरून पेणच्या मूर्तिकलेचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला मूर्ती दिसतील. ती घडवणारी माणसं दिसतील का? आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी उजेड कसा मोजला यात आहे.

थोडं मागे जाऊ. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले एक जाणकार छायाचित्रकार. त्या काळी उजेड मोजायचा तो डोळ्याने आणि अनुभवाने. ऋतू कोणता, वेळ कोणती, ढग किती, हे बघून काच किती वेळ उघडी ठेवायची ते ठरे. पुढे १८९० साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड वॉटकिन्सने एक छोटं मीटर आणलं. त्यात उजेडाने काळा पडणारा कागद असे. कागद ठरलेल्या छटेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून हिशेब करायचा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा कागद वस्तूवर *पडणारा* उजेड मोजत होता.

१९३२च्या सुमारास वेस्टनचं विजेचं मीटर आलं. त्यात सेलेनियमचा सेल. उजेड पडला की त्यातून थोडी वीज निर्माण होते आणि काटा हलतो. सोय मोठी होती. कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं, मीटर वस्तूकडे रोखायचं, आकडा वाचायचा. पण हे मीटर मोजतं ते वस्तूवरून *परत येणारा* उजेड. समोर पांढरं काय आणि काळं काय, हे त्याला कळत नाही. त्याचा एकच समज, की समोर जे आहे ते मध्यम करड्या रंगाचं आहे. मग पांढऱ्या मूर्ती रोखून मोजल्या तर त्या फोटोत करड्या येतात आणि शेजारचा सावळा चेहरा आणखी काळवंडतो. आजच्या कॅमेऱ्यातलं मीटर पुष्कळ हुशार झालंय, पण तेही परतणाऱ्या उजेडावरच चालतं.

याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॉन नॉरवूड यांनी मीटरवर पांढरा अर्धगोल बसवला. चेहऱ्यावर समोरून, बाजूने, वरून जो उजेड पडतो तो सगळा या घुमटावरही पडतो. मीटर चेहऱ्यापाशी धरायचं आणि घुमट कॅमेऱ्याकडे करायचा, बस. नट गोरा की सावळा, कपडे पांढरे की काळे, आकडा तोच. सिनेमावाल्यांनी ही पद्धत उचलली. जपानच्या सेकॉनिक कंपनीची मीटरं पुढे याच घुमटामुळे जगभर ओळखली गेली.

आता फ्लॅशकडे येऊ. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पूड आली. १९२९च्या आसपास काचेतला बल्ब आला. आपल्याकडे होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक कॅमेरा आणि असे बल्ब घेऊन वार्तांकन करत. एक फोटो, एक बल्ब. पुढे एजर्टन यांच्या प्रयोगांतून विजेचा फ्लॅश आला. त्याचा झोत सेकंदाचा हजारावा भाग, कधी त्याहूनही कमी वेळ टिकतो. सेलेनियमचा काटा हलेपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून वेगळं फ्लॅश मीटर लागलं, ज्यात तेवढ्या क्षणाचा उजेड साठवून त्याची बेरीज होते. ते महाग होतं. लहान गावांतल्या स्टुडिओंत त्याच्याऐवजी फ्लॅशच्या पाठीवरचा तक्ता चाले. गाइड नंबर भागिले अंतर, की अ‍ॅपर्चर मिळालं. रोलमध्ये ३६ फोटो, चूक कळणार धुतल्यावर. अशा वेळी माणूस धोका पत्करत नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावर, झोत समोरून, एफ ८. आपल्या गावांतले कित्येक सोहळे याच एका पद्धतीने नोंदले गेले.

आणि फिल्मचंही एक होतं. कोडॅकच्या रंगीत छपाईचा मेळ बसवायला प्रयोगशाळांना नमुन्याचा फोटो दिला जाई, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोरी बाई. रंग तिच्या कातडीला जमले की जमले. गडद छटा नीट येत नाहीत म्हणून चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा कुठे गडद रंगांकडे लक्ष गेलं, असं त्या कंपनीतल्या लोकांनीच नंतर सांगितलं आहे. सांगायचं कारण, सावळा चेहरा फोटोत हरवतो तेव्हा सगळा दोष छायाचित्रकाराचा नसतो.

मग पेणच्या कारखान्यात काय करायचं? समजा, डोळ्यांची आखणी चालू आहे. कारागीर बारीक कुंचला घेऊन मूर्तीच्या तोंडाशी झुकलाय, मागे न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून एका बाजूला स्टँडवर, छत्री लावून ठेवायचा. आधी फ्लॅश न उडवता खोलीतला उजेड मोजायचा. आयएसओ ४०० ला तो समजा १/३० आणि एफ २.८ आला. मग मीटर फ्लॅशच्या खुणेवर आणून कारागिराच्या हनुवटीपाशी धरायचं आणि फ्लॅश उडवायचा. आकडा आला एफ ५.६. आता लक्षात ठेवायचं सूत्र एकच. फ्लॅशचा झोत क्षणाचा, म्हणून त्याला शटरने फरक पडत नाही, त्याला अ‍ॅपर्चर आवरतं. खोलीच्या उजेडाला दोन्ही आवरतात.

अ‍ॅपर्चर ५.६ ठेवलं आणि शटर १/६०, तर खोली तीन स्टॉप खाली जाते, म्हणजे रांगा काळोखात. शटर १/१५ केलं, तर खोलीचं माप एफ ४ होतं, फक्त एक स्टॉप खाली. कॅमेरा तिपाईवर हवा, पण चेहरा, कुंचला आणि मागच्या रांगा, तिन्ही दिसतात. कारखाना दिसला की किती जण एका छताखाली काम करतात, मूर्ती कशा वाळत ठेवतात, उजेड कुठून येतो, हे सगळं कळतं. इतिहासाला तेच हवं असतं.

अंतराचंही तसंच. फ्लॅशपासून एक मीटरवर एफ ११ असेल, तर दोन मीटरवर ५.६. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. म्हणून मूर्तींच्या लांब रांगेला फ्लॅश जवळून मारला की पहिला गणपती भाजतो आणि शेवटचा बुडतो. फ्लॅश मागे नेला की फरक कमी होतो. मीटर घेऊन रांगेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे एकदा चालून या, सगळं समजतं.

आता रोह्याला जाऊ. नवरात्रानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते. रात्र पडते, गर्दी सरकत असते. इथे पालखी उचलणाऱ्याच्या हनुवटीशी मीटर धरणार कसं? नाही धरता येत, आणि धरूही नये. मग तयारी आधी करायची. वाटेवरचा एक कोपरा ठरवायचा, फ्लॅश उंचावर बाजूला, तीन मीटरवर आपल्यातलाच एक माणूस उभा करून माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. पालखी त्या अंतरावर आली की फोटो. देवाचा मुखवटा चांदीचा असो वा फुलांनी झाकलेला, खांदा देणाऱ्या माणसाचं माप बदलत नाही. मात्र आधी मानकऱ्यांना विचारायचं. डोळ्यांवर झोत उडवून भक्ती मोडायचा हक्क कुणालाच नाही.

इथे नेहमी एक प्रश्न येतो. आता डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लगेच दिसतो, मग मीटर कशाला? प्रश्न रास्त आहे. एक फोटो हवा असेल तर पडदा पुरतो. पण त्याच कारखान्याचे दरवर्षी फोटो काढायचे असतील, तर वहीतला आकडा उपयोगी पडतो. यंदाचा उजेड पुढच्या वर्षी तसाच उभा करता येतो. मग रंग बदलला की माती बदलली, हे खात्रीने सांगता येतं. मीटरलाही मर्यादा आहेतच. ताज्या रंगाची चकाकी त्याला कळत नाही. गडद चेहऱ्यासाठी अर्धा स्टॉप जास्त द्यावा का, हे त्याला ठरवता येत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

शेवटचा मुद्दा. परतणारा उजेड लांबून मोजता येतो, अगदी रस्त्याच्या पलीकडून. पडणारा उजेड मोजायचा तर कारागिरापाशी जावं लागतं, “दादा, जरा इथे धरू का?” असं विचारावं लागतं. तो विचारतो, “हे काय?” आपण सांगतो. बोलणं सुरू होतं, नाव कळतं, किती वर्षं डोळे आखतोय ते कळतं. तो हो म्हणाला तर ते फोटोखाली लिहा. पेणच्या मूर्तींचे फोटो हजारो आहेत. खाली कारागिराचं नाव असलेले किती, ते या गणेशोत्सवात आपापल्या घरच्या संग्रहात मोजून बघा.