मोकळ्या पाण्याचा कायदा

शर्यत म्हटली की दोन पक्ष डोळ्यांसमोर येतात, धावणारे आणि पाहणारे. जमिनीवर या दोघांमध्ये कुंपण घालता येते. घोड्यांच्या मैदानावर ते असते, बैलगाड्यांच्या शर्यतीत निदान दोर तरी धरलेला असतो. पाण्यावर कुंपण कोठून घालणार? तेथे पाहणाराही होडीतूनच येतो आणि ज्या पाण्यावर शर्यत चालते त्याच पाण्यावर येऊन उभा राहतो. शिवाय समुद्र सर्वांचा. एखाद्या क्लबाने शर्यत ठरविली म्हणून कोळ्याने किंवा आगबोटवाल्याने आपली वाट का सोडावी, हा प्रश्न काही गैरवाजवी नव्हे. या प्रश्नाचे उत्तर कायद्याला कसे द्यावे लागले, ती हकीकत आम्हांस येथे सांगावयाची आहे. ती न्यूयॉर्कच्या दाराशी घडली. आणि ज्याच्या तक्रारीतून ती घडली तो गृहस्थ मात्र रडीचा डाव खेळणारा म्हणूनच इतिहासात राहिला आहे.

हा गृहस्थ म्हणजे आयर्लंडमधील जमीनदार, चौथा अर्ल ऑफ डनरेव्हन. तरुणपणी तो वर्तमानपत्राचा युद्धवार्ताहर होता, पुढे वसाहतींच्या खात्यात उपमंत्री झाला. १९०२ साली डब्लिनला जमीनदार आणि कुळांचे पुढारी यांची जी परिषद भरली तिचा अध्यक्ष हाच होता, आणि तिच्यातूनच पुढच्या वर्षी आयरिश कुळांना जमिनी विकत घेण्याची सोय करणारा कायदा निघाला. असा माणूस केवळ हट्टी होता असे म्हणून चालणार नाही. त्याला शिडाच्या नौकांचा नाद होता, आणि ‘अमेरिका कप’ या नावाने प्रसिद्ध असलेला करंडक इंग्लंडला परत न्यावयाचा हे त्याचे स्वप्न होते. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत तो जिंकला, आणि १९८३ पर्यंत तो अमेरिकेबाहेर गेला नाही.

करंडकाच्या कथेआधी स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या मुखाशी जावयास हवे. ५ जुलै १८९४ रोजी तेथे शर्यतीपूर्वी नौका इकडून तिकडे फिरत होत्या. ‘सॅटनिटा’ नावाच्या प्रचंड नौकेच्या वाटेत प्रेक्षकांची एक लहानशी होडी आली. ती चिरडू नये म्हणून सुकाणू फिरविले गेले, आणि होडी वाचली; पण ‘सॅटनिटा’ डनरेव्हनच्या ‘व्हॅल्किरी २’ या नौकेच्या कुशीत घुसली. ‘व्हॅल्किरी’ काही मिनिटांत बुडाली. डनरेव्हन स्वतः तिच्यावर होता. तो वाचला, परंतु त्याचा एक खलाशी दगावला.

यातून जो दावा उभा राहिला तो श्रोत्यांपैकी वकील मंडळींना ठाऊक असेल, कारण कराराचा कायदा शिकताना ‘क्लार्क विरुद्ध डनरेव्हन’ हा निर्णय आपल्याकडील विद्यार्थीही वाचतात. त्या वेळच्या नौकानयन कायद्याप्रमाणे, मालकाची स्वतःची चूक नसेल तर त्याची जबाबदारी जहाजाच्या दर टनामागे ८ पौंडांपुरती मर्यादित होती. डनरेव्हनचे म्हणणे असे की, शर्यतीच्या नियमांत सर्व नुकसान भरून देण्याचे कलम आहे आणि आम्ही दोघांनी ते नियम मान्य करूनच नावे दिली आहेत. दोन्ही मालकांनी एकमेकांशी एक अक्षरही बोललेले नव्हते. दोघांचा पत्रव्यवहार काय तो क्लबाच्या चिटणीसाशी. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन निकाल लागला तो असा, की शर्यतीत नाव घालणारे सर्वजण त्या कृतीनेच परस्परांशी करार करतात. डनरेव्हन जिंकला.

आमच्या मते या निकालाने एका गोष्टीवर नकळत बोट ठेवले. धावणाऱ्यांना बांधण्यास करार पुरेसा होता. पण ज्याच्यामुळे सुकाणू फिरवावे लागले तो होडीतला प्रेक्षक? त्याने कोठेही सही केलेली नव्हती. त्याला क्लबाचा नियम लागू नव्हता आणि पाण्यावर येण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारू शकत नव्हते. त्याला बांधावयाचे तर करार कामाचा नाही. तेथे राज्याचा कायदाच पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १८९५ च्या सप्टेंबरात, डनरेव्हन नवी ‘व्हॅल्किरी ३’ घेऊन न्यूयॉर्कला गेला. समोर ‘डिफेंडर’ ही नौका होती, प्रसिद्ध नौकाशिल्पी हेरेशॉफ याने बांधलेली. सँडी हूकच्या बाहेर समुद्रात शर्यत, आणि ती पाहण्यास सहलीच्या आगबोटी, खाजगी वाफेच्या नौका आणि ओढबोटी यांची ही गर्दी! तिकिटे काढून आलेल्या उतारूंना जवळून पाहावयाचे असे, आणि ज्या आगबोटीचा कप्तान अधिक जवळ नेईल तिच्याकडे उद्या अधिक गिऱ्हाईक जाणार हे उघडच होते. जुना दंडक असा की वाफेच्या जहाजाने शिडाच्या जहाजास वाट द्यावी. एका आगबोटीशी गाठ असेल तर तो दंडक पुरतो. शेकड्यांनी आगबोटी दाटल्या म्हणजे वाट द्यावयास जागाच उरत नाही. शिवाय धक्का न लागताही नुकसान होते. वाऱ्याच्या बाजूला उंच आगबोट उभी राहिली की मागच्या नौकेची शिडे मलूल पडतात, आणि चाकांनी उठलेल्या लाटा तिचा वेग मारतात. या नौकांवर सुमारे १३,००० चौरस फूट शीड होते. अशा नौकेस गतिरोधक नसतो; वारा भरला की ती जाणारच.

पहिली शर्यत ७ सप्टेंबरला ‘डिफेंडर’ने सहज जिंकली. दुसरी १० सप्टेंबरला. सुटण्याच्या रेषेकडे दोन्ही नौका येत असता ‘योसेमिटी’ नावाची आगबोट त्यांच्या मध्ये आली. ती पार होते न होते तोच नौका एकमेकींजवळ आल्या, आणि ‘व्हॅल्किरी’च्या मोठ्या शिडाखालची आडवी काठी ‘डिफेंडर’च्या डोलकाठीस सावरणाऱ्या दोरात अडकून तो तुटला. ‘डिफेंडर’ लंगडतच धावली. ‘व्हॅल्किरी’ ४७ सेकंदांनी पुढे ठरली, पण तक्रार झाली आणि तिला बाद करण्यात आले. नियमाने तो निर्णय चुकीचा होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. वाऱ्याकडच्या नौकेने दूर राहावयास हवे होते. ‘डिफेंडर’चा व्यवस्थापक आयझेलिन याने शर्यत पुन्हा खेळण्याची तयारी दाखविली, हे त्याच्या दिलदारपणास शोभणारेच होते. डनरेव्हनने ती नाकारली आणि एकच मागणी केली: पाणी मोकळे ठेवण्याची हमी द्या. क्लब ती देऊ शकला नाही, आणि खरे तर देऊ शकतच नव्हता, कारण त्याच्या हाती विनंतीखेरीज काही नव्हते. १२ सप्टेंबरला ‘व्हॅल्किरी’ने रेषा ओलांडली आणि लगेच माघार घेतली. ‘डिफेंडर’ने एकटीनेच शर्यत पुरी केली.

येथेच डनरेव्हन थांबता तर त्याची बाजू आज अधिक उजळ दिसती. पण ‘डिफेंडर’च्या तळाशी गुपचूप अधिक वजन भरले गेले, असा आरोप त्याने इंग्लंडला परतल्यावर जाहीरपणे केला. आरोप गंभीर होता, पुरावा तुटपुंजा. चौकशी समितीत जे. पी. मॉर्गन आणि सागरी सत्तेचा इतिहासकार मेहॅन यांसारखी माणसे होती. तिने आरोप निराधार ठरविला, आणि १८९६ च्या आरंभी क्लबाने त्याचे नाव सभासदांतून काढून टाकले. तेव्हापासून लेखक या दोन्ही तक्रारी एकाच पिशवीत टाकीत आले आहेत. आम्हांस हे अन्यायाचे वाटते. वजनाची तक्रार खोटी ठरली म्हणून पाण्याची तक्रार खोटी ठरत नाही. ज्याची एक नौका प्रेक्षकाच्या होडीपायी तळाला गेली त्याने वर्षभरात तीच भीती बोलून दाखविली तर तिला बहाणा कसे म्हणावे?

ती बहाणा नव्हती हे अमेरिकेच्या काँग्रेसनेच मान्य केले. १९ मे १८९६ रोजी, म्हणजे डनरेव्हनला काढल्यानंतर थोड्याच महिन्यांनी, शर्यतीच्या वेळी बंदोबस्तासाठी जकातीच्या गस्तनौका पाठविण्याचा अधिकार अर्थमंत्र्यास देणारा कायदा झाला. त्याची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. त्यात करंडकाचे नाव नाही, आणि सुरक्षिततेच्या धन्यांत पहिला उल्लेख आहे तो सहलीच्या आगबोटींवरील उतारूंचा. शर्यतवाले त्यांच्या मागून. कायदा करणाऱ्यांनी हे चतुराईने केले की मनापासून, कोण जाणे, पण ते योग्यच होते. माणसांनी भरलेली आगबोट एका बाजूला कलली किंवा दाटीत दुसरीवर आदळली तर मरणारे ते तिकीट काढून आलेले लोकच.

कायद्याची परीक्षा १८९९ च्या ऑक्टोबरात झाली. या वेळी आव्हान देणारा टॉमस लिप्टन, ज्याच्या नावाचा चहा आपल्याकडेही घरोघर पोचला. बंदोबस्ताचे काम आरमारातील कॅप्टन रॉब्ली इव्हान्स याच्याकडे होते आणि गस्तनौकांच्या जोडीला टॉर्पेडो बोटीही दिल्या होत्या. वारा रुसला होता. ३ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या खटपटीतून पहिली शर्यत पुरी झाली ती १६ तारखेला. तोवर दिवसामागून दिवस आगबोटी येत, ठरल्या अंतरावर थांबत आणि परत जात. लिप्टनची ‘शॅमरॉक’ तिन्ही शर्यती हरली, पण आगबोट आडवी आली म्हणून हरलो असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. याच शर्यतींची बातमी मार्कोनीने ‘पाँसे’ या आगबोटीवरून बिनतारी यंत्राने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राला पाठविली. ज्यांना आता जवळ जाता येत नव्हते त्यांच्यापर्यंत शर्यत आकाशातून पोचू लागली, हा योगायोगही मोठा गमतीचा.

पुढे २८ एप्रिल १९०८ च्या कायद्याने ही व्यवस्था कायम झाली. त्यातील दंडाची वाटणी माहितगाराने केलेली दिसते. परवानाधारक कप्तानाचा परवानाच तहकूब किंवा रद्द होई, आणि त्याची तर भाकरीच त्यावर. नौका चालविणाऱ्यास ५०० डॉलर, मालक स्वतः नौकेवर असेल तर त्यालाही ५००, इतरांस २५०. १९१५ साली गस्तनौकांचे खाते आणि जीवरक्षक खाते एकत्र होऊन तटरक्षक दल बनले, आणि हे काम त्याच्याकडे आले. आजही तेथे शर्यतीपूर्वी जाहीरनामा निघतो; त्यात पाण्याच्या सीमा अक्षांश-रेखांशांनी सांगितलेल्या असतात, तारीख आणि तास दिलेले असतात, आणि गस्तीवरील अधिकाऱ्याच्या परवानगीने सावकाश पार होण्याची सोय ठेवलेली असते. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात हाच करंडक लढला गेला तेव्हा ऐन बंदराच्या आत शर्यत होती. ओकलंडला जाणारी मालवाहू जहाजे आणि रोजच्या फेऱ्या करणाऱ्या बोटी त्याच पाण्यातून जात होत्या. म्हणून बंदी दुपारच्या ठरावीक तासांपुरतीच ठेवावी लागली, आणि ते तास संपले की प्रेक्षकांच्या होड्या, जहाजे, उतारूंच्या बोटी, सगळ्यांना तेच पाणी रोज संध्याकाळी परत मिळत होते.