कायद्याला ठाऊक नसलेले आजोळ

रायगडच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत जुनी आहे. कडावची लेक पुण्याला दिलेली असो की नैरोबीला, तिचे मूल आजोळी आले की त्याचे कूळ कोणी तपासत नाही. लेकीचे मूल, एवढी ओळख पुरते. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याने मात्र ही ओळख 1992 पर्यंत मानली नाही. भारतीय पुरुष परदेशातून घरी परतला, तर तिकडे जन्मलेली त्याची मुले साधारणपणे जन्मापासूनच भारतीय ठरत आणि परदेशी पत्नीला नोंदणी करून नागरिक होता येई. भारतीय बाई परदेशी नवरा आणि तिकडे जन्मलेली मुले घेऊन परतली, तर कायद्याच्या लेखी नागरिक म्हणून ती एकटीच परतलेली असे. आपला समाज पितृसत्ताक, म्हणून कायदाही तसाच झाला, असे यावर सहज सांगितले जाते. ते मला पटत नाही. हा भेद जाणून निवडलेला होता आणि त्याचा पुरावा खुद्द राज्यघटनेत आहे.

घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने इथे कायम वास्तव्य असलेल्या माणसाचे नागरिकत्व ठरवताना आई-वडिलांपैकी कोणाही एकाचा भारतातला जन्म पुरेसा मानला. आठव्या अनुच्छेदाने तर परदेशी राहणाऱ्यांसाठी आजी-आजोबांपैकी कोणीही चालेल असे म्हटले. म्हणजे आईचे वडील, आईची आईसुद्धा. घटनाकारांनी आजोळ मोजले होते. सहाच वर्षांनी, डिसेंबर 1955 मध्ये, नागरिकत्व कायदा आला आणि परदेशात जन्मलेल्या मुलासाठी त्याच्या चौथ्या कलमात फक्त वडील उरले. हा साचा ब्रिटिशांच्या 1914 च्या कायद्याचा होता. मुलाचे राष्ट्रीयत्व बापावरून आणि बायकोचे नवऱ्यावरून, असा तो हिशेब. पाचव्या कलमाने नागरिकाशी लग्न केलेल्या स्त्रीला नोंदणीची वाट दिली. नागरिक स्त्रीच्या नवऱ्याला मात्र ती 1986 च्या दुरुस्तीपर्यंत नव्हती. बाळंतपणाची रीत या कायद्याशेजारी ठेवून पाहिली तर त्यातली विसंगती अंगावर येते. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईचे पहिले मूल 1970 साली कडावला जन्मले, तर भारतीय भूमीवरच्या जन्मामुळे ते भारतीय. धाकटे नैरोबीत जन्मले, तर परके. एकाच आईची दोन मुले, आणि परतीच्या वेळी एकाला व्हिसा लागणार! 1 जुलै 1987 पासून तर भारतात जन्मलेल्या मुलासाठी आई स्पष्टपणे मोजली जाऊ लागली, तरी परदेशात जन्मलेल्यासाठी आणखी पाच वर्षे नाहीच.

वंश कोणाकडून मोजायचा, या प्रश्नाने रायगडच्या माणसांना दुसऱ्या देशातही छळले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना इथे शनवार तेली म्हणत, ते बेने इस्रायली यहुदी 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नांच्या वेळी आई, आजी, पणजी अशी मागे मागे चौकशी करण्याचे फर्मान काढले. त्यांनी लढा दिला आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतीत समान यहुदी मानले. भारतात आईची बाजू मोजत नव्हते, तिथे तिच्याच बाजूवर संशय होता. ज्या नियमाला परंपरा म्हणून अढळ मानले जात होते, त्याला माणसे संघटित होताच नमते घ्यावे लागले.

भारतीय आईची वाट पूर्ण बंद नव्हती, असा एक आक्षेप घेता येतो आणि तो खरा आहे. नागरिकाच्या अज्ञान मुलाची नोंदणी करता येत होती. पण वडिलांकडून मिळणारा तो हक्क होता आणि आईकडून मिळायची ती सरकारी मर्जी. परवानगी नाकारता येते, हक्क नाकारता येत नाही. दुसरा आक्षेप नागरिकत्वापुरत्या केलेल्या कागदोपत्री लग्नांचा. त्या भीतीला उत्तर म्हणून वास्तव्याची अट घालणे रास्तच, आणि कायद्याने ती आधी पाच व पुढे सात वर्षांची केलीही. पण फसवणूक नवराच करील आणि बायको करणार नाही, हे कोणत्या अनुभवावरून ठरवले?

अखेर 10 डिसेंबर 1992 पासून परदेशात जन्मलेल्या मुलासाठी आई किंवा वडील, कोणीही नागरिक असले तरी पुरे, अशी दुरुस्ती झाली. ती मागच्या जन्मांना लागू केली नाही. त्या तारखेआधी परदेशात भारतीय आईच्या आणि परदेशी वडिलांच्या पोटी जन्मलेल्यांना आजही वंशाने नागरिकत्व नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर त्यांना येता-राहता येते, पण मत देता येत नाही. आजोबांची शेती वारसाने मिळू शकते, पण शेजारचा तुकडा विकत घेता येत नाही. संसदेने ही तारखेची अट काढून टाकावी. आणि ज्यांची लेक आज परदेशी आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे: डिसेंबर 2004 पासून तिकडे जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. ती वेळेवर करून घ्या.