अस्वलाचें यकृत आणि मुखलेप

इ. स. १५९६-९७ च्या हिंवाळ्यांत विल्यम बॅरेंट्स या डच दर्यावर्द्याची मंडळी नोव्हाया झेम्ल्या बेटावर हिमांत अडकून पडली. तेथें त्यांनीं एक पांढरें अस्वल मारून त्याचें यकृत शिजवून खाल्लें. तें रुचकर लागलें खरें. परंतु सर्वच आजारी पडले, आणि तिघांची कातडी तर पायांपासून मस्तकापर्यंत सोलून निघाली. ही हकीकत त्यांतील गेरिट द व्हेर यानें लिहून ठेविली आहे. तिचा पुरता उलगडा १९४३ सालीं झाला. रोडाल व मूर या संशोधकांनीं त्या वर्षीं असें दाखविलें कीं, अस्वलाच्या यकृतांतील विष म्हणजे अतिरिक्त 'अ' जीवनसत्त्वच होय.

आमच्या मुलीबाळी हल्लीं रात्रीं तोंडास जें 'रेटिनॉल' लावतात, तें याच कुळांतलें. कातडी सोलण्याच्या या गुणाचाच पुढें औषधास उपयोग झाला. फिलाडेल्फियाचे त्वचावैद्य आल्बर्ट क्लिगमन यांनीं १९६९ सालीं या जीवनसत्त्वाचें आम्ल मुरुमांवर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. १९७१ त त्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली. पुढें तेंच सुरकुत्यांवरही चालूं लागलें. मात्र या कीर्तीची दुसरी बाजू सांगणें आम्हांस प्राप्त आहे. क्लिगमन यांचे प्रयोग १९५१ पासून १९७४ पर्यंत होम्सबर्ग तुरुंगांतील कैद्यांच्या अंगावर चालले होते. त्या कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्यांस थोडे पैसे मिळत. आपल्या कातडीवर काय चोळलें जात आहे, याची पुरती कल्पना मात्र दिली जात नसे. फिलाडेल्फिया नगरीनें त्याबद्दल क्षमा मागितली ती २०२२ सालीं. क्लिगमन २०१० मध्येंच वारले होते.

पोटांत घेण्याचें आयसोट्रेटिनॉइन १९८२ सालीं मान्य झालें, आणि लगोलग तें घेणाऱ्या गर्भवतींच्या अपत्यांत गंभीर व्यंगें आढळूं लागलीं. म्हणूनच गर्भारपणांत या कुळांतील बाहेरून लावण्याचे लेपही टाळावे, असें वैद्य निक्षून सांगतात. युरोपीय संघानेंही २०२४ सालीं चेहऱ्याच्या लेपांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के, व अंगास लावण्याच्या लेपांत ०.०५ टक्के ठरविली.

आमच्या एका पुतणीनें, अधिक लावलें तर अधिक गुण येईल अशा समजुतीनें, हा लेप सकाळ-संध्याकाळ चोळून आठ दिवसांत गाल भाजल्यासारखे करून घेतले. तिला आम्हीं डच खलाशांची गोष्ट सांगितली. ती हंसली, पण गाल पुरते बरे होईपर्यंत लेप बंद ठेविला. आतां ती आठवड्यांतून दोनच रात्रीं, वाटाण्याएवढा लेप कोरड्या तोंडास लावते, वर साधें स्निग्ध मलम लावते, आणि दिवसा ऊन अडविणारा लेप लावल्यावांचून बाहेर पडत नाहीं.