दुकानापुढची सक्तीची हिरवळ

अमेरिकेतील शहरांत दुकानापुढे किती झाडे असावीत, वाहनतळ रस्त्यावरून दिसू नये म्हणून कोणता आडोसा उभारावा आणि कचऱ्याची पिंपे किती उंच भिंतीआड ठेवावीत, हे सामान्यतः नगरपालिकेचे नियम ठरवतात. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी असा नियम न्यायालयात टिकणे दुरापास्त होते. आरोग्य, सुरक्षितता, नीती आणि लोककल्याण यांसाठी खासगी मालमत्तेवर बंधने घालण्याच्या शासनाच्या अधिकाराला तेथे ‘पोलीस पॉवर’ म्हणतात, आणि केवळ नजरेला बरे वाटणे या कारणांत बसत नाही, अशी न्यायाधीशांची धारणा होती. न्यू जर्सीतील पॅसेइक शहराने जाहिरातफलक रस्त्यापासून मागे सरकवण्याची अट घातली, तेव्हा 1905 मध्ये राज्याच्या न्यायालयाने सौंदर्य ही गरज नसून चैन आहे, असे ठरवून ती रद्द केली.

त्यामुळे सौंदर्याला बराच काळ दुसऱ्या नावाने वावरावे लागले. फलक वादळात कोसळतात, त्यांच्याआड गुन्हेगार दडतात, असे युक्तिवाद गंभीरपणे मांडले गेले आणि मिसूरीच्या न्यायालयाने 1911 मध्ये ते मान्यही केले. ओहायोतील यूक्लिड गावाच्या खटल्यात 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘झोनिंग’, म्हणजे निवास, व्यापार आणि उद्योग यांसाठी जमिनीचे निरनिराळे विभाग आखण्याची पद्धत, वैध ठरवली, तीही शेजाऱ्याला होणाऱ्या उपद्रवाच्या तर्कावर. ही कोंडी फुटली ती 1954 मध्ये, वॉशिंग्टनमधील एका दुकानाच्या भूसंपादनाच्या वादात. शहर निरोगी असावे तसे सुंदरही असावे, असे विधिमंडळ ठरवू शकते, हे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या निकालात स्पष्टपणे नोंदवले. खटला झाडांचा नव्हता, तरी पुढे सौंदर्यविषयक नियमांच्या समर्थनार्थ त्याचाच आधार वारंवार घेतला गेला.

मात्र मान्यता मिळाल्यावर कायद्याने सौंदर्य निर्माण करण्यापेक्षा कुरूपता झाकण्याकडेच अधिक लक्ष दिले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ऑक्टोबर 1965 मध्ये स्वाक्षरी केलेला आणि त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांच्या आग्रहामुळे ओळखला जाणारा महामार्ग सुशोभीकरण कायदा याचे ठळक उदाहरण आहे: प्रमुख महामार्गापासून 1000 फुटांच्या आतील भंगार-आवार झाडांनी किंवा कुंपणाने झाका, नाहीतर हलवा, असा त्याचा रोख होता. औद्योगिक भागांतील आवारांना सूट होती. नावातले सुशोभीकरण व्यवहारात बहुधा पडद्याएवढेच उरले.

पुढे उष्णता आणि पाणी यांनी नियमांची कारणेच बदलली. सॅक्रामेंटोने 1983 मध्ये नव्या वाहनतळांचा निम्मा भाग 15 वर्षांत झाडांच्या सावलीखाली यावा, अशी अट घातली. परंतु डांबराने वेढलेल्या अरुंद वाफ्यांत मुळांना जागा मिळेना आणि नंतरच्या पाहणीत सावली अपेक्षेपेक्षा बरीच कमी आढळली. आराखडा मंजूर करताना रोपे मोजणे सोपे असते. पंधरा वर्षांनी सावली मोजायला मात्र कोणीतरी पुन्हा यावे लागते. नेवाडा राज्याने तर 2021 मध्ये उलट दिशेने पाऊल टाकले. लास व्हेगास परिसरात कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर वाढणारी, केवळ शोभेची हिरवळ व्यापारी इमारतींपुढून आणि रस्त्यांच्या कडेने 2026 अखेरपर्यंत काढून टाकण्याचा कायदा झाला. स्वतंत्र घरांची अंगणे त्यातून वगळण्यात आली.