तेरचं लामतुरे संग्रहालय : छोट्या संग्रहालयातली माणसं दिवसभर नेमकं काय करतात?

तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन काही भाविक धाराशिवमार्गे तेरला जातात, ते गोरोबाकाकांच्या समाधीसाठी. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे. काचेच्या कपाटांत मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी आणि हस्तिदंती वस्तू मांडलेल्या आहेत. घाईत असलेला माणूस अर्ध्या तासात बाहेर पडतो आणि त्याला वाटतं, इथल्या कर्मचाऱ्यांचं काम म्हणजे कुलूप उघडायचं आणि कुणी काचेला हात लावत नाही ना ते बघायचं. राखण हा कामाचा एक भाग झाला. बाकीचं काम पाहुण्यांना दिसत नाही.

तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याची नोंद आहे. तिथलं कापड भडोच बंदरात जायचं. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं. तेरणा नदीकाठच्या या गावाभोवती जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. आपल्याकडे त्यांना पांढर म्हणतात. पांढरीची माती शेतात टाकायची जुनी रीत, त्यात पावसाने होणारी धूप. त्यामुळे मणी, नाणी, मूर्तींचे तुकडे वर येत राहिले.

रामलिंगप्पा लामतुरे याच गावचे. सरकारी खात्यातले नव्हेत की विद्यापीठातलेही नव्हेत. लोकांना जे खापराचे तुकडे वाटत होते ते त्यांनी चिकाटीने जमवले, जपले. त्यांचा संग्रह हाच आजच्या संग्रहालयाचा पाया आहे. एका माणसाच्या नादातून उभं राहिलेलं असं संग्रहालय महाराष्ट्रात विरळाच. मात्र अशा संग्रहाला एक अडचण असते आणि तिथूनच कर्मचाऱ्यांचं खरं काम सुरू होतं.

शास्त्रीय उत्खननात वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळाली हे लिहिलेलं असतं. तेरलाही १९५८ मध्ये आणि नंतर उत्खननं झाली. पण पृष्ठभागावर सापडलेल्या मण्याला थर नसतो. तो कुठल्या टेकाडावरचा, कुणी आणून दिला, एवढीच माहिती उरते. तीही हरवली तर मणी सुंदर राहतो, पण मुका होतो.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची चीज कपाटात नसते, ती कार्यालयात असते : नोंदवही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, त्यापुढे माप, वजन, कशाची बनलेली, कुठून आली, केव्हा आली, आज कोणत्या अवस्थेत आहे आणि कुठे ठेवली आहे. क्रमांक वस्तूवर दर्शनी बाजूला न लिहिता, पारदर्शक लेप लावून त्यावर बारीक अक्षरात टाकतात, म्हणजे पुढे काढता येतो. ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यावर काय लिहिणार? तिथे डबीवर किंवा दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर क्रमांक येतो. मग ठरावीक काळाने वही आणि वस्तू समोरासमोर ठेवून पडताळणी. एका संग्रहात हजारो वस्तू असल्या की हे काम संपतच नाही. संग्रहालयाच्या प्रमुखाला सरकारी भाषेत अभिरक्षक म्हणतात. सही त्याची असते, पण वस्तू उचलून मोजणारे हात बहुतेकदा इतरांचे असतात.

दुसरं काम जपण्याचं. हस्तिदंत हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो, त्यामुळे फुगतो, आकसतो आणि शेवटी तडकतो. मराठवाड्यातला चाळिशीपार उन्हाळा आणि मागोमाग पाऊस त्याला अजिबात मानवत नाही. भाजल्या मातीच्या वस्तूंमध्ये जमिनीतला क्षार असतो. तो वर आला की पापुद्रे सुटतात. ओल्या फडक्याने पुसलेली मूर्ती स्वच्छ दिसते, पण तिच्यावरच्या जुन्या रंगाचा कणही त्यात जाऊ शकतो. म्हणून इथे सफाईसुद्धा शिकून करायची असते.

नोंदीची किंमत कळण्यासाठी तेरच्याच हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचं उदाहरण पुरेसं आहे. तिच्याशी साम्य असलेली भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात मिळाली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तेव्हा ती मूर्ती त्याआधीची हे पक्कं. म्हणजे तिथल्या मूर्तीचा काळ तिच्या सापडण्याच्या जागेने सांगितला. तेरच्या प्रतिमेचा काळ सांगताना अभ्यासकांना अशाच तुलनांचा आधार घ्यावा लागतो.

पांढरीत आजही काही सापडू शकतं, आणि जुन्या नाण्यांचे फोटो लगेच खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर फिरू लागतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. काही सापडलं तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये. जागेचा फोटो काढावा, शेताचा गट क्रमांक लिहून ठेवावा आणि तहसील कार्यालयाला किंवा जवळच्या शासकीय संग्रहालयाला कळवावं. नोंदवहीतला ‘कुठून आली’ हा रकाना त्यावरच भरला जातो.